गळक्या नळाखालचा सोनटक्का

नळदुरुस्ती हा माझा धंदा, आणि माझ्याच परसातला नळ गळायचा. शेजारचा शिंपी कुंपणापलीकडून रोज त्यावरून चिमटे काढायचा. मी वायसर बदलायचो, नळ गप्प बसायचा आणि थोड्या दिवसांत टपटप पुन्हा सुरू. अख्ख्या वस्तीचे नळ माझं ऐकतात, मग हा एकच का हट्टाला पेटलाय, हे कोडं मला सुटत नव्हतं.

त्या नळाखाली बायकोचा सोनटक्का होता. तिच्या थोरल्या बहिणीने दिलेल्या एका गड्ड्यापासून वाढलेला. बहीण आता नाही, तिचं घरही विकलं गेलं. पांढरी फुलं उमलली की बायको पायरीवर एकटीच बसून राहायची.

लेकीच्या बाळंतपणाला निघताना ती एवढंच म्हणाली, "घराचं काही होऊ दे, तेवढा सोनटक्का सांभाळा."

मी म्हटलं, ती येईपर्यंत नळाचाही कायमचा बंदोबस्त करू. नवाकोरा नळ बसवला. या वेळी थेंब म्हणून पडला नाही. शिंप्याला मुद्दाम बोलावून दाखवला.

आणि सोनटक्का करपायला लागला. पाणी कमी म्हणावं, तर रोज सकाळी बादलीभर घालत होतो. जास्त म्हणावं, तर पानं कुरकुरीत. शिंपी म्हणाला, कीड असेल. एक किडा सापडला नाही. रोपवाला म्हणाला, ऊन लागतंय. मी जुनी चादर बांधली. खत घातलं, तर होतं ते पानही गेलं. माझं डोकंच चालेना. फोनवर बायको विचारायची, "कसा आहे?" मी म्हणायचो, "मजेत." फोन ठेवला की पुन्हा परसात जाऊन दांडे बघायचो. तिची बहीण पुन्हा एकदा जातेय, आणि या वेळी माझ्या हातून, असं वाटायचं.

बायको आली ती हातातल्या पिशवीसकट थेट परसात. चादर काढून तिने वाळके दांडे पाहिले. कीड, ऊन, खत, सगळं मी एका दमात सांगितलं. तिचं लक्षच नव्हतं. तिने बोटांनी माती उकरली. वर ओल, खाली ठणठणीत कोरडं. मग गड्डा नखाने खरवडला. आतून टणक, पांढरा.

"आहे जिवंत," ती म्हणाली आणि उकरलेली माती परत सारखी केली. मग तिची नजर नळावर गेली. "पाना द्या."

काही न कळून मी दिला. तिने नळाच्या मानेवरचा नट किंचित सैल केला, थांबली, पुन्हा जरासा फिरवला. थेंब पडला. मग दुसरा. इतका हलका हात तर माझाही नाही.

"म्हणजे दर वेळी तूच?"

"मग कोण? याची मुळं कायम ओलीत लागतात. बादलीचं पाणी वरच्यावर वाहून जातं!"

"अगं, मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं, तर ठेवला असतात गळका? नळवाल्याच्या घरात?"

तेवढ्यात कुंपणावरून शिंप्याचं डोकं वर आलं.

"काय हो, नवा नळही गळायला लागला?"

"गळणारच," मी म्हणालो. "मीच तसा बसवलाय."

शिंपी पोट धरून हसला. बायको हसली नाही. तिने हात झटकले, पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अजून थोडा सैल करा."