काचेतली नस

लिलावाच्या हॉलमध्ये आज लिलाव नव्हता, काचबाबांचा दरबार होता, आणि दुपारी चार वाजता पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो काहीतरी काचेचं पोटाशी धरून आलेला. कुणाकडे झुंबराचे लोलक, कुणाकडे अत्तरदाणी, कुणाकडे आजीच्या कपाटाची काचेची मूठ. एका गृहस्थांनी तर अख्खा आरसाच पाठीवर आणला होता. ते वळले की मागची चार माणसं पटकन खाली वाकत होती.

"शांतता! बाबा काचेशी बोलताहेत!" दारावरचा जाड्या शिष्य ओरडला. त्याच्या खांद्यावर काळ्या शालींचा ढीग होता. पांढरे कपडे घालून कुणी आलं की आधी त्याला शाल गुंडाळायची, मगच आत सोडायचं, असा दंडक होता. पांढऱ्या रंगावर म्हणे आत्मे भुलतात आणि वाट चुकतात. आत्मे एवढे भोळे कधीपासून झाले, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

मंचावर काचबाबा. काळा झगा, मधाळ आवाज. एका फुलदाणीवर तळवा फिरवत, डोळे मिटून ते सांगत होते, "सातासमुद्रापलीकडची भट्टी... मुका कारागीर... एका श्वासात फुंकलेली काच... राणीच्या उशाशी असायची ही, राणीच्या!" फुलदाणीची मालकीण आजवर तिच्यात छत्र्या ठेवत आली होती. तिला भरून आलं.

मग पडदे ओढले जायचे. बाबांच्या हातातल्या पितळी दंडाच्या टोकाला जांभळट उजेड दिसायचा. तो दंड काचेजवळ नेला की बहुतेक काचा गप्प राहायच्या. "शुद्ध आहे, घेऊन जा." पण एखादी काच एकदम हिरवीगार पेटायची आणि अख्खा हॉल "अगं आई गं!" म्हणून मागे सरकायचा.

"हिच्यात कुणीतरी अडकलंय," बाबा म्हणायचे. अशी काच बाबांच्या हवाली करायची. बाबा ती खोल पाण्यात सोडून आत्म्याला मोकळं करायचे, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर लोक विरघळले नाहीत तरच नवल.

तिसऱ्या रांगेत झुंबरवाली बसली होती. जुनी झुंबरं, काचेचे दिवे, फुटक्या हंड्या दुरुस्त करणं हा तिचा धंदा, म्हणून गावाने दिलेलं हे नाव. शेजारी तिची मावशी. मावशीच्या मांडीवर पिवळसर हिरव्या काचेचा टेबलावरचा दिवा. याच दिव्याखाली काका रोज संध्याकाळी शब्दकोडं सोडवायचे आणि अडलं की मावशीला हाका मारायचे. काका गेल्या वर्षी गेले. तीन आठवड्यांपूर्वी मावशी सहज म्हणून दिवा इथे घेऊन आली, दिवा पेटला, आणि बाबांनी तिला सांगितलं, "तुझा नवरा यात आहे. आत जळतोय बिचारा. तहानलाय."

तेव्हापासून मावशी रात्रभर दिव्यापाशी पाण्याचं भांडं घेऊन बसायची. डोळ्याला डोळा नाही. दिवा लगेच सोडवेना म्हणून तिने बाबांकडून तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली होती; आज तो कायमचा बाबांना द्यायचा होता.

झुंबरवालीने घरी समजावून पाहिलं नव्हतं असं नाही. काच जोडायचा तिचा गोंद वाळवायला जो जांभळा दिवा लागतो, तोच तिने मावशीच्या दिव्यावर धरला. म्हणाली, "बघ, माझ्या दिव्यानेही पेटतो. यात कसला आलाय आत्मा?"

मावशी तिथल्या तिथे हात जोडून उभी राहिली. "अगं बाई! तुझ्या हाकेलाही आले ते!"

आता बोला! झुंबरवालीने कपाळावर हात मारला. त्या उजेडात तिला आणखी एक गोष्ट दिसली होती, पण ती सांगायची तर काकांना दिलेला शब्द मोडावा लागणार होता. तिने आपला जांभळा दिवा विझवला.

"पुढे ये, माउली," बाबांनी हाक दिली. मावशी दिवा सावरत मंचावर गेली. पाठोपाठ झुंबरवालीही.

अंधार झाला. दंड जवळ आला. दिवा हिरवा पेटला, आणि त्याच्या काठाजवळ एक निळसर पांढरी रेघ चमकली. बाबांनी ती आज पहिल्यांदा पाहिली असावी, कारण ते क्षणभर अडखळले. पण गडी तयारीचा.

"पाहा! पाहा ही नस! आत्म्याची नस! याच्या काळजातली जखम आहे ही. माउली, तू याला फार दुखावलंस!"

मावशीने हंबरडा फोडला.

झुंबरवालीला ते सहन होईना. काकांची मनातल्या मनात माफी मागून ती म्हणाली, "बाबा, ती नस मी चिकटवली आहे."

"काय?"

"दोन वर्षांपूर्वी. काकांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून डास मारला आणि दिव्याचा काठ उडवला. पिशवीत लपवून माझ्याकडे आणला आणि म्हणाले, पोरी, मावशीला कळलं तर माझं काही खरं नाही. मी असा जोडला की उजेडात दिसत नाही. पण माझा गोंद तुमच्या दंडातल्या दिव्याखाली चमकतो."

"अश्रद्ध बाई! आत्मा कोपेल!"

"कोपू दे की. आधी ह्याला विचारा." तिने पिशवीतून आपला जांभळा दिवा आणि एक पांढरा रुमाल काढला. रुमाल निळाशार उजळला. "हा काल धुतला. कपड्यांच्या साबणात चमक आणणारी पूड असते. म्हणून पांढरे कपडे झाकायचे, नाहीतर अख्खा हॉल पेटलेला दिसेल." तिला अडवायला मंचावर धावलेल्या शिष्याने पांघरलेली शाल तिने ओढली. आतला पांढरा सदरा लख्ख उजळला. शिष्य दोन्ही हातांनी छाती झाकून उभा राहिला.

"आता बाबा, जरा हसा बघू."

बाबांनी रागाने दात विचकले. दात निळसर चमकले. समोरचे दोन मात्र काळेठिक्कर.

"एवढे आत्मे तोंडात!" मागून कुणीतरी म्हणालं. "आणि दोघं मुक्त झालेले दिसतात!"

"दोघं खोटे आहेत, बसवलेले दात चमकत नाहीत," झुंबरवाली म्हणाली. हॉल खदखदून हसला.

कुणीतरी पडदे बाजूला सारले. खिडकीतून आलेल्या लख्ख उन्हात झुंबरवालीने दिवा उलटा केला. "इथे बोट फिरवा. वरपासून खालपर्यंत शिवण लागते ना? फुंकलेल्या काचेला अशी शिवण नसते. ही दोन भागांच्या साच्यात दाबून काढलेली आहे. तळाला साच्याचा नंबर आहे. कारखान्यात असे दिवे दिवसाला शेकड्यांनी निघायचे. ना राणी, ना मुका कारागीर. हा रंग यावा म्हणून काचेत चिमूटभर युरेनियम घालायचे. तेच हिरवं चमकतं."

"युरेनियम? बॉम्बमधलं?" आरसेवाले गृहस्थ किंचाळले आणि आरशासकट वळले. चार माणसं खाली वाकली.

"घाबरू नका, अगदी नावापुरतं असतं. जुन्या काचा ओळखणारे लोक असाच जांभळा दिवा वापरतात. ही काच जमवणारे शौकीन तिला चांगली किंमत देतात. म्हणून तर बाबांना फक्त हिरव्याच काचेतले आत्मे दिसतात!"

लोक मंचामागच्या खोलीत घुसले. तिथे पाण्याचा थेंब नव्हता. पेंढ्यात नीट बांधलेल्या हिरव्या काचांची खोकी होती आणि खोक्यांवर परगावच्या दुकानांचे पत्ते. बाबा खिडकीकडे निघाले होते, पण झगा खुर्चीत अडकला.

या गोंधळात मावशी मात्र जागची हलली नव्हती. काठावरच्या त्या जोडावर तिने हळूच नख फिरवलं.

"डास मारताना?"

"हो गं."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुझ्या भीतीने."

मावशीला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. "म्हणजे ते जळत नाहीत? त्यांना तहान नाही लागलेली?"

"नाही गं मावशी. काका कुठेही अडकलेले नाहीत."

मावशीने डोळे पुसले आणि ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "दिवा मागितला असतास तर दिला असता रे तुला. तू माझ्या माणसाला एकवीस दिवस जाळलंस."

बाबांनी खुर्चीत अडकलेला झगा सोडवायची खटपट थांबवली.

ज्याची त्याची काच त्याच दिवशी परत मिळाली. बाबा आणि शिष्य पोलिसांच्या गाडीतून गेले. आता कुणी म्हणेल, एवढ्याशा फसवणुकीचं काय घेऊन बसलात, वस्तू मिळाल्या ना? वस्तू मिळाल्या. पण एक बाई एकवीस रात्री पाण्याचं भांडं धरून जागली, त्या रात्री तिला कोण परत देणार? म्हणून हात जोडून एवढंच सांगणं आहे: कुणी अंधार करून चमत्कार दाखवायला लागलं, तर आधी पडदे उघडायला सांगा. तो कोपतो म्हणाला, तर कोपू दे. प्रश्न विचारल्याने आपलं गेलेलं माणूस दुखावत नाही. न विचारल्याने जिवंत माणूस मात्र जळत राहतं.