मत नसलेली भागीदार

बटणांचा कारखाना विकायचा की नाही, हे ठरवायला सभा भरली होती. ताईने हात वर केला आणि कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या, "तुमचा हात मतांत धरता येणार नाही."

ताई रंगखात्यात वाढली. भट्टीतून निघालेल्या बटणाचा रंग ती नुसत्या नजरेने जुळवी. कारखाना गेला तर तिचं ते खातं आणि हाताखालच्या अकरा बायका, सगळंच जाणार होतं. कारखाना चालवणारा धाकटा भाऊ विकायला निघाला होता, चुलतभावाचा विरोध होता. ताईची मतं चुलतभावाकडे पडली असती तर विक्री तिथेच अडली असती.

पण ताईचे शेअर अग्रहक्काचे. वडिलांनी वाटणी करताना कोणते हवेत ते तिलाच विचारलं होतं. साधारण शेअरला मत असतं, पण नफा बुडाला की हात हलवत बसा. अग्रहक्काला ठरलेला लाभांश सगळ्यांच्या आधी, मत मात्र नाही. ताई म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागू? मताचं तेव्हा कुणाला पडलं होतं!

आता ती वकीलबाईंना म्हणाली, मग मी नुसती शोभेची भागीदार का? बाई भल्या होत्या. त्यांनी सांगितलं की एक वाट असते. सलग दोन वर्षं लाभांश थकला, तर अशा शेअरनाही मत मिळतं. पण ताईचा तर कधीच थकला नव्हता.

कधीच नव्हता. मंदीच्या दोन सालांत कामगारांचे पगार रखडले, भावाने स्वतःची गाडी विकली, पण ताईचा चेक तो घरी आणून देई. ताईच्या डोळ्यांत पाणी यायचं. भाऊ असावा तर असा, असं तिने शेजारीपाजारी किती जणींना सांगितलं होतं.

तिने भावाकडे पाहिलं. "मंदीत चेक आणून द्यायचास, तो यासाठी?"

भाऊ टेबलावरचे कागद सारखे करत राहिला. "ताई, तुझं कधी काही बुडालं का?"

तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. विक्रीचा ठराव मंजूर झाला. भावाने तिच्यासमोर चहा सरकवला, साखर तिच्या आवडीइतकीच घातलेली. इतकी वर्षं त्याने तिची इतकी काळजी घेतली होती. त्यातली फक्त दोन वर्षं तो विसरला असता तरी चाललं असतं.