लाल रेघांचा नकाशा

मित्रांनो, मी जगाचा एक जुना नकाशा आहे. माझ्या भावंडांचे शाळाशाळांत कौतुक झाले असेल. माझ्या वाट्याला आला तो संशय, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

एका मोठ्या शहरातल्या छापखान्यात माझा जन्म झाला. कागदावर रंग चढले, पाठीला कापड डकवले, वर-खाली लाकडी दांडे बसवले. १९५४ साली मी रेल्वेने वडशाला उतरलो, तिथून मोटारीने गडचिरोलीला आणि पुढे बैलगाडीने धानोऱ्यापलीकडच्या एका जंगलगावात आलो. शाळा म्हणजे कुडाची एक खोली. चामोर्शीहून बदलून आलेल्या रामाजी गुरुजींनी मला खिळ्याला टांगले. आता सारे जग या खोलीत आले, असे मला वाटले. स्वतःविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

पोरांत बुधरी सगळ्यांत पुढे. निळ्या समुद्रावरून बोट फिरवत ती एका देशातून दुसऱ्या देशात जायची. मला तिचे बोट ओळखू येऊ लागले होते.

मग गावकरी मला पाहायला आले. त्यांच्या नजरा मला आवडल्या नाहीत. मित्रांनो, या लोकांनी नकाशा आधी पाहिला होता. शेजारच्या गावात जंगलखात्याचे कोणी साहेब आले होते, झाडाखाली कागद पसरून लाल रेघ दाखवून गेले होते. पुढच्या मोसमात त्या रेघेपलीकडची मोहाची फुले वेचायला गेलेल्या बायांना शिपायांनी अडवले, त्यांना रिकाम्या टोपल्या घेऊन परतावे लागले. तेव्हापासून या भागात नकाशा म्हणजे लाल रेघ, आणि लाल रेघ म्हणजे काहीतरी जाणार.

आणि माझ्या अंगावर तर लाल रेघा किती तरी.

गावातले जाणते लालसूभाऊ पुढे आले. आपले गाव कुठे, असे त्यांनी विचारले. गुरुजींनी माझ्यावर बोट टेकवले. त्या नखाखाली गाव, धानोरा, गडचिरोली, तेव्हाचा अख्खा चांदा जिल्हा, सारेच झाकले गेले.

"मंग बोट उचला जी," लालसूभाऊ म्हणाले, "आमचा दम कोंडते."

सगळे हसले. बुधरीची आई धुरपता मात्र हसली नाही. ती त्या नखाच्या थोडी वर पाहत होती. तिथून एक तुटक लाल रेघ जात होती.

"हे रेघ कोनाची?"

गुरुजींनी सांगितले की ते कर्कवृत्त आहे, सूर्याची रेघ, ती कोणा माणसाची नाही. धुरपताने ऐकून घेतले आणि बुधरीचा हात धरून ती निघून गेली. आज वर आहे, उद्या खाली सरकेल, असे ती वाटेत म्हणाल्याचे पोरांनी सांगितले. दुसऱ्या दिवसापासून बुधरी शाळेत आली नाही. धुरपताचे पाहून आणखी दोघी-तिघींनी आपल्या पोरी घरी ठेवल्या.

गुरुजी अस्वस्थ झाले. बुधरी चांगली वाचू लागली होती. आता सुटली, तर ती पुन्हा शाळेत येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. शेवटी त्यांनी मला गुंडाळले, खांद्यावर टाकले आणि धुरपताचे अंगण गाठले. ती भिंत लिंपत होती. तिने मला पाहिले आणि पोरीला पाठीशी घेतले.

गुरुजी मला उलगडत म्हणाले, हा कागद तुमच्या जंगलाचा नाही, हा जगाचा आहे आणि खरा आहे.

"पोरगी सांगते, दुनिया गोल हाये," धुरपता म्हणाली. "हे तं सपाट हाये. मंग यात काय लपवलं, थे सांगा."

गुरुजींनी खुंटीवरचा तुंबा मागितला, पाणी न्यायचा तो वाळका भोपळा. त्यावर ओल्या मातीचा पातळ थर लावला. थरावर बोटाने दोन सारखे गोल काढले, एक मधोमध, एक वरच्या टोकाशी. मग तो थर अलगद सोडवून जमिनीवर पसरला. कडांना भेगा पडल्या. भेगा बुजवायला गुरुजींनी माती ताणली, तसा टोकाकडचा गोल फुगत गेला. मधला होता तेवढाच राहिला.

"या नकाशातही असंच केलंय," गुरुजी म्हणाले. "जहाजवाल्यांना दिशा नीट कळावी म्हणून. वरचा हा ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो ना? आफ्रिकेत असे चौदा मावतील. मलाही लहानपणी वाटायचं, गोऱ्यांचे मुलूख एवढे मोठे, म्हणूनच ते आपल्यावर राज्य करतात."

मित्रांनो, हे मी स्वतः तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. माझ्याच अंगावरचे देश मला परके वाटू लागले.

धुरपताने विचारले, "पोरायले हे काऊन नाई सांगितलं?"

"कोणी विचारलं नाही, बाई."

तिने मातीतल्या फुगलेल्या गोलावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "हे पयले शिकवा. उद्या साहेब आला, कागद पसरवला, तं आमच्यातलं कोनीतरी इचारनारं पायजे." आणि पाठीमागची पोर तिने हाताने पुढे केली.

बुधरी परत आली. पण आता ती माझ्यावर पटकन बोट ठेवत नसे. आधी बारीक नजरेने पाही, मग गुरुजींना विचारी. आठवडी बाजाराहून परतताना धुरपता शाळेच्या दारात थांबायची आणि लेकीला म्हणायची, "आज यात काय खोटं सापडलं?" पहिल्यांदा मला फार लागले. मग कळले, एवढ्या काळजीने मला याआधी कोणीच वाचले नव्हते.

आता माझे रंग उडालेत, कापड विरलेय. मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, फाटलो तर खळ लावून चिकटवा. पण कोणी तुमच्यापुढे कुठलाही नकाशा उलगडला, तर मान डोलावण्याआधी विचारा, हा कोणी काढला, कोणासाठी काढला आणि आपण यात कुठे आहोत. समोरचा उत्तर द्यायला अडखळला, तर त्या कागदावर अंगठा उठवू नका.