तेल सुटलं

"बाई, यानं त तेल सोडलं!"

बिजलीबाईनं मुसळ हवेतच थांबवलं. रत्नप्रभाबाईंनी उखळात डोकावून पाहिलं. सकाळपासून कुटून कुटून पीठ व्हायला हवं होतं. त्याऐवजी उखळाच्या बुडाशी काळपट, चकचकीत चिखल बसला होता.

"ओल्या असतीन बिया," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"ओल्या कायच्या? तुमीच त भाजल्या. म्या पाखडल्या. टरफलं उडाली नं समदी!"

"मंग काहून असं झालं?"

"मले काय इचारता? मी का जल्मात कदी चाकलेट केलं?"

ते खरंच होतं. पांढरकवड्यात तोवर कुणीच चॉकलेट केलं नव्हतं. तहसील कचेरीतले नाझर नीळकंठराव मुळावकर यांच्या बायकोनं ते परसदारी, दाराला कडी लावून करायला घ्यावं, हे तर कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. रत्नप्रभाबाई म्हणजे आल्याच्या वड्या, तिळाच्या वड्या, खोबऱ्याच्या वड्या. गावातल्या कोणत्याही लग्नात रुखवत मांडायचं म्हणजे आधी मुळावकरांकडे निरोप जायचा. त्यांचा साखरेचा पाक कधी चुकला नाही, आणि ते त्या स्वतःही चारचौघींत सांगायला चुकल्या नाहीत.

पण दोन वर्षांपूर्वी जंगल खात्याचे नवे रेंजर आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुंबईची बायको आली. हंसाबाई. गोरी, उंच, केसांचा सैल अंबाडा, पायांत घरातसुद्धा सपाता. पहिल्याच हळदीकुंकवाला तिनं बायकांच्या हातावर तिळगुळाऐवजी चॉकलेटची वडी ठेवली. डब्यातली कोकोची पूड, दुधाची पूड आणि लोणी. बायका चाटून पुसून खात होत्या आणि हंसाबाई सांगत होती की दूर अमेरिकेत जुने राजे हे कडूच प्यायचे, वर मिरची टाकून. याच्या बिया तिथे नाण्यांसारख्या बाजारात चालायच्या. आणि पुढे कुणा डच माणसानं यंत्र काढलं तेव्हा ही पूड निघाली.

"म्हंजे राजे लोक पैशे खात होते म्हना की," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. कुणीच हसलं नाही. सगळ्यात आधी हसायला हवी होती ती कुंदा हंसाबाईच्या शेजारी बसून बोटं चाटत होती.

खरं दुखणं तिथे होतं. कुंदा ही त्यांची पुतणी. पटकीच्या साथीत दीर आणि जाऊ एकाच आठवड्यात गेले तेव्हा ती रांगत होती. रत्नप्रभाबाईंची कूस उजवली नव्हती. त्यांनी पोरीला छातीशी धरलं आणि पुन्हा खाली ठेवलंच नाही. गोवरात जागल्या, मॅट्रिकच्या अभ्यासात जागल्या. आणि आता वाढलेली, शिकलेली, गोड गळ्याची पोर उठता बसता रेंजरच्या बंगल्यावर. हंसाबाईसारखा अंबाडा, हंसाबाईसारखं "अय्या". आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं रत्नप्रभाबाई नवऱ्याला रोज ऐकवायच्या. नीळकंठराव पेपर वर धरायचे.

त्यात कुंदाचं लग्न ठरलं, माघातलं. रत्नप्रभाबाईंनी मनात रुखवत कधीच मांडून ठेवलं होतं: साखरेचं तुळशीवृंदावन, खोबऱ्याचे मोर, एकवीस जातींच्या वड्या. कुंदा म्हणाली, "काकू, वड्या राहू दे यंदा. नागपूरचे लोक हायेत, हसतीन. हंसाकाकू चॉकलेटचा बंगला करून राह्यल्या. खऱ्या बियांचा! त्यांचा भाऊ म्हैसूरकडच्या मळ्यात हाय नं, तो पाठवते."

"हसतीन?"

"तसं नाही गं काकू."

तसंच होतं. लग्नाचा शालू घ्यायला चार दिवस नागपूरला जायचं ठरलं तेव्हाही जीपमध्ये हंसाबाई आणि कुंदा. "तुले मोटर लागते, काकू. तू आराम कर." आईनं मुलीच्या लग्नात आराम करायचा असतो हे रत्नप्रभाबाईंना त्या दिवशी कळलं. जीप वळणाआड गेली आणि त्यांनी ओसरीवरच्या तुळशीला इतकं पाणी घातलं की माती वाहून गेली.

त्याच दुपारी रामधन आला. बिजलीबाईचा धाकटा भाऊ. ही माणसं जवळच्या तांड्यावरची. आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरायचा, नातू आता हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा. बिजलीबाई मुळावकरांकडे तूप घालायची, हळद-तिखट कुटून द्यायची, म्हणून त्याला हे घर माहीत होतं.

"रेंजरीनबाईच्या घरी कुलूप हाय," तो बोचकं खाली ठेवत म्हणाला. "मले तं आताच निंघा लागते. तुमी देसान का त्याईले?"

"देईन नं. काय हाय त्यात?"

"कडू बदाम हायेत म्हंते. मी एक खाल्ला, थू!"

देण्याच्याच मनानं त्यांनी ते घेतलं होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. संध्याकाळपर्यंत बोचकं कोपऱ्यात शहाण्यासारखं पडून होतं. मग दिवा लावताना त्यांच्या डोळ्यांपुढे बंगला आला, खिडक्या-दारांसकट, आणि त्याभोवती नागपूरचे पाहुणे, आणि "कुणी केला हो?" विचारल्यावर हंसाबाईच्या गळ्यात हात टाकणारी कुंदा. त्यांनी गाठ सोडली. आत बदामाएवढ्या, तांबूस, जरा आंबूस वासाच्या बिया होत्या. भाजायच्या, पाखडायच्या, कुटायच्या; यात मुंबईचं काय होतं? कुंदा परत येईल तेव्हा चॉकलेटची परात तिच्यापुढे ठेवायची आणि एक शब्दही बोलायचा नाही. पी हळद नि हो गोरी, असं त्यांचं झालं होतं.

आणि आता उखळात हा चिखल.

"मी सांगू का?" बिजलीबाई म्हणाली. "मोहाच्या टोळीचं, त्या बियांचं, तेल काढतो आमी. तसं पिळून घ्या. तेल गेलं का खाली कोरडं राह्यते."

रत्नप्रभाबाईंना ते एकदम पटलं. वडीला तेल सुटलं म्हणजे वडी बिघडली, हे त्यांना बाळपणापासून ठाऊक होतं. त्यांनी चिखल चुलीवर ऊन केला, जाड मांजरपाटात बांधला, वर पाट आणि पाटावर पाटा ठेवला, आणि दोघी आळीपाळीनं त्यावर बसल्या. परातीत पिवळट तेल ठिबकत राहिलं. सकाळी थंडीनं ते मेणासारखं पांढरं थिजलं होतं.

"हे कायले ठेवू? टाकून दे," त्या म्हणाल्या.

"टाकता कायले? टाचा पाहा माह्या, कशा फाटल्या." बिजलीबाईनं गोळा पदरात बांधला.

फडक्यात उरली कोरडी ढेप. ती कुटल्यावर छान पीठ झालं. रत्नप्रभाबाईंनी दूध आटवलं, साखर घातली, पीठ घातलं, ताटात थापलं. वडी झाली, पण रखरखीत, ओबडधोबड, मातीच्या रंगाची. जिभेवर ठेवली आणि त्यांना चव ओळखता आली. हंसाबाईच्या डब्यातल्या पुडीचीच चव होती, पण हंसाबाईची वडी याहून कितीतरी मऊ असायची. त्यांनी ताट फडताळात सगळ्यात मागे लोटलं.

कुंदा शालू घेऊन आली. शालू सुरेख होता. तेही त्यांना सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी हंसाबाईला भावाचा निरोप मिळाला की बिया ट्रकनं कधीच निघाल्या. कुंदा रडकुंडीला आली. रेंजरसाहेबांनी शिपाई पाठवून ट्रकमालकाला विचारलं, मालकानं रामधनला. रामधन म्हणाला, नाझरसाहेबांच्या घरी दिल्या. मालक म्हणाला, नाझरीनबाई आपल्या पुतणीचीच वस्तू दाबून ठेवतील काय, गाढवा? ते ऐकून सगळ्यांनाच पटलं. घरी कुंदानं विचारलं तेव्हा रत्नप्रभाबाई भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले कोनी काही देल्लं नाही."

मालकानं रामधनच्या हातून किल्ली काढून घेतली.

बिजलीबाई तूप घालायला आली ती नेहमीसारखी ओट्यावर टेकली नाही. तूप मोजलं, तांब्या पुसला.

"म्या काही सांगतलं नाही कोनाले," ती म्हणाली. "तुमच्या घरचं मीठ खाल्लं. पन रामधन तांड्यावर तोंड लपवून राह्यला. आमच्या बापजाद्यांनं मुलुखाचा माल वाह्यला, बाई. कोनाचा दाना नाही उचलला. थे एकच त हाय आमच्यापाशी."

एवढं बोलून ती गेली. चालताना तिच्या टाचा दिसत होत्या, भेगा बुजून मऊ झालेल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे दोघींनी मिळून खाल्लं होतं आणि खवखव तिसऱ्यालाच लागली होती. रत्नप्रभाबाईंनी पदर खोचला, फडताळातलं ताट काढलं, त्यावर फडकं टाकलं आणि भर दुपारी त्या रेंजरच्या बंगल्याकडे निघाल्या. रस्त्यात दोघींनी विचारलं, "कुठं वैनी?" त्या तशाच पुढे गेल्या.

हंसाबाई आणि कुंदा शालूला फॉल लावत बसल्या होत्या. रत्नप्रभाबाईंनी ताट मधोमध ठेवलं.

"रामधननं चोरी नाही केली. बोचकं मी ठेवलं. हे त्यातल्याच बियांचं हाय."

हंसाबाईनं एक तुकडा तोंडात टाकला. मग वाकून ताटाकडे पाहिलं. "अहो, ही तर पूड झाली! तेल कुठंय याचं?"

"पिळून टाकलं."

"पिळून?" हंसाबाईला हसू आवरेना. "अहो रत्नप्रभाबाई, ते तेलच तर चॉकलेट! त्यानंच ते घट्ट होतं, त्यानंच विरघळतं. त्या डच माणसानं यंत्र लावून केलं ते तुम्ही पाट्यावर बसून केलंत! आहे कुठं ते?"

"बिजलीबाईच्या टाचेले."

हंसाबाई पोट धरून हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे आपल्याच मुलीसमोर ऐकायला फार जड जातं. हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, "पण का हो? मागितल्या असत्या तर अर्ध्या दिल्या असत्या मी."

"मले तुमच्या बिया नव्हत्या पाह्यजे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. आवाज फुटला तो त्यांनी फुटू दिला. "जळली मी. पोर माही, आन् दिवसभर नाव तुमचं. मले सहन नाही झालं. त्यात त्या बिचाऱ्या मानसाचं नाव खराब केलं. ट्रकमालकाले निरोप पाठवा, माह्या नावानं पाठवा."

हंसाबाईनं सुई फॉलमध्ये खोचून ठेवली. कुंदाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काकू, तू घरी जा," ती हळूच म्हणाली.

रामधनला किल्ली परत मिळाली. निरोप रत्नप्रभाबाईंच्याच नावानं गेला, त्यामुळे गावात सगळीकडे पोचला. नीळकंठरावांचा पेपर आणखी वर गेला. पण कुंदा बोलेना. ताट वाढलं की जेवायची, न्हायला बोलावलं की न्हायची, हळद लावताना डोळे मिटून घ्यायची. रत्नप्रभाबाईंनी रुखवताला हात लावला नाही. दोन-चार जातींच्या वड्या शेजारणींनी केल्या. चॉकलेटचा बंगला तर झालाच नाही. ज्या पोरीसाठी केलं, तिच्या सासरी जाण्याआधीचे मोजके दिवस आपण आपल्या हातानं मुके करून टाकले, हे त्यांना झोपेतही विसरता येईना.

लग्न शाळेच्या पटांगणात लागलं. कन्यादान काका-काकूंनी केलं. त्यात काही अडत नाही. कुंदाच्या ओंजळीखाली रत्नप्रभाबाईंनी ओंजळ धरली, तेव्हाही तिनं वर पाहिलं नाही.

मग विहीणबाई ताटात साडी घेऊन उभ्या राहिल्या. ही पोटझाकणी. जिनं मुलीला पोटात वाढवलं, तिचं पोट आता रितं झालं म्हणून मुलाकडच्यांनी तिला द्यायची साडी.

"मुलीची आई कोण? पुढं या," भटजी म्हणाले.

रत्नप्रभाबाई केव्हाच मागे सरकल्या होत्या. कन्यादान हातानं होतं, ही साडी पोटाची होती, आणि पोटाचा हक्क त्यांच्याकडे कधी नव्हता. हाताचाही उरला की नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. बायकांत कुजबुज झाली. आई वारली आहे, फोटोपुढे ठेवा. कुणी म्हणालं, रेंजरीनबाईले द्या, थिनंच त सारं केलं. हंसाबाईनं झटकन दोन्ही हात मागे घेतले. विहीणबाई ताट धरून अवघडून उभ्याच राहिल्या.

"अहो, मुलीची आई कोण?" भटजींनी पुन्हा विचारलं.

कुंदानं मुंडावळ्या बाजूला केल्या.

"थे काय, खांबामांगं," ती खणखणीत म्हणाली. "चोरावानी उभी हाय नं, थेच माही आई."

मांडव हसला. हंसाबाई हसली, मग तिनं तोंड फिरवून डोळे टिपले. रत्नप्रभाबाई खांबामागून निघाल्या. एवढ्या लोकांतून चालताना त्यांना पदर सावरायचं सुचलं नाही. विहीणबाईंनी साडीची घडी त्यांच्या पोटाशी लावली आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली. पंगती बसल्या, उठल्या. कुणी ना कुणी येऊन म्हणायचं, वैनी, साडी ठेवा आन् दोन घास खाऊन घ्या. त्या हो म्हणायच्या, आणि तशाच उभ्या राहायच्या.