घरचं पाणी

पाण्याचा ट्रक तुम्ही अडवला, साहेब. दुसऱ्या कोणी नाही. ड्रम भरलेले होते, ड्रायव्हर गाडीत बसून बिडी ओढत होता, आणि तुम्ही त्याला म्हणालात, "आधी मंडपासमोर पाणी शिंपड, पाहुण्यांच्या नाकातोंडात धूळ जाईल." धावणारे सगळे तिथंच उभे होते. सगळ्यांनी ऐकलं. कवडूनंही ऐकलं.

मार्च संपत आला होता. मॅरेथॉन सकाळी सहाला सुटणार असं पत्रक तुम्हीच छापलं होतं. सहाला सीताबर्डीच्या मैदानावर पोरं अंगाला तेल चोळून तयार होती. पण झेंडी दाखवणारे पाहुणे अजून अंथरुणातून उठायचे होते. नागपूरचं मार्चातलं ऊन काही पाहुण्यांची वाट पाहत नाही. आठ वाजेस्तोवर पोरांच्या अंगावरचं तेल घामानं वाहून गेलं.

"मारोतराव, हे सुटते का नाई गा?" कवडूनं विचारलं.

मारोतराव संत्रा मार्केटातला त्याचा जोडीदार. दोघं मिळून पेट्या भरायचे, संत्र्याखाली तणस घालायचे, वर फळ्या ठोकायचे. आज तो कवडूचे कपडे सांभाळायला सायकल घेऊन आला होता.

"सुटन ना. नवरदेव कुठं आला अजून?" मारोतराव म्हणाला. "तू सावलीत बस. संत्र्यावानी सुकून जाशीन."

"संत्रं सुकलं तं सरबतवाला तरी नेते. मले कोन नेते?"

"तुले पुण्याले नेतेत ना बाप्पा. पयला ये फक्त."

मारोतराव हसला, कवडू हसला नाही. पहिला येणाऱ्याला पुण्याला, राज्याच्या निवडीला पाठवणार होते. कवडूची चौतिशी उलटून गेली होती. मागच्या वर्षी तो दुसरा आला, त्याच्या आदल्या वर्षी पायात काच घुसली. सोबतची पोरं त्याच्या निम्म्या वयाची, कॉलेजातली, पायात बूट घातलेली. रात्री त्यानं बायकोला, गोपिकाला सांगितलं होतं, यंदा झालं तर झालं, नाहीतर पाय आता पेट्या वाहायलाच ठेवतो. तिनं त्याचं लाल बनियन धुऊन दोरीवर टाकलं आणि दोनदा हात लावून वाळलं का ते पाहिलं.

पाहुणे नऊ वाजून गेल्यावर आले. तरुणांनी घाम गाळला पाहिजे, असं त्यांनी पंख्याखाली उभं राहून सांगितलं. मग झेंडी हलली.

रस्ता असा होता: सीताबर्डीतून डांबरी सडकेनं हुडकेश्वर, तिथून पुढे कच्च्या वाटेनं शेतांमधून लांबचा वळसा आणि त्याच रस्त्यानं परत. डांबरावर कवडू मागेच राहायचा. डांबर त्याला आवडत नसे, पायाखाली काही कळतच नाही म्हणायचा. नरखेड तालुक्यातल्या टेकड्यांवर अनवाणी पळून मोठा झालेला माणूस. कच्ची वाट लागली की त्याचे पाय आपोआप मोकळे व्हायचे. गोटे, बैलगाडीची चाकोरी, नांगरलेल्या रानाची कड, सगळं त्याला घरच्या अंगणासारखं. तिथं त्यानं बूटवाले एकेक करून मागं टाकले. कोणाच्या पोटऱ्यांत गोळे आले, कोणी बाभळीखाली बसून ओकत होता.

हुडकेश्वरला पाण्याची सोय असणार, असंही पत्रकात होतं. सोय म्हणजे काय होती? एक टेबल होतं. टेबलावर पांढरी चादर होती. चादरीवर काही नव्हतं. साहेब, तुमचा ट्रक तेव्हा मंडपाजवळ उभा होता आणि ड्रमांतल्या पाण्याचा पाहुण्यांसाठी चहा उकळत होता.

कवडूचं घर हुडकेश्वरातच, विहिरीला लागून. पोरं पहिल्यांदा गावातून गेली तेव्हाच गोपिकानं रिकामं टेबल पाहिलं. तिनं विहिरीवरून पाण्याचा पितळी गुंड भरून आणला, शेजारच्या जिजाबाईला हाक मारली आणि दोघी तांब्याएवढे गडवे घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. नवरा येईल तेव्हा येईल. जो येईल त्याला पाणी. परतीला पोलिसातला एक शिपाई आला, प्यायला. कॉलेजातला एक उंच पोरगा आला, उरलेलं त्यानं डोक्यावर ओतून घेतलं. त्यांच्या मागोमाग लाल बनियन दिसलं.

कवडूनं गडवा घेतला, अर्धा प्यायला, अर्धा मानेवर ओतला.

"पुढं किती हायेत?"

"दोघंच. दोघंई लंगडून राहिले. बोलू नका, पया!"

तो पळाला. गोपिका पदर सावरायचंही विसरून त्याच्या पाठीकडं पाहत राहिली. तेवढ्यात शर्यतीवर नजर ठेवणारा तुमचा स्कूटरवाला आला, दंडाला पंचाची पट्टी बांधलेला.

"बाई, तुम्ही कोण? पाणी द्यायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

लग्नाला बारा वर्षं झाली होती. उखाणा सोडला तर गोपिकाच्या तोंडून नवऱ्याचं नाव कधी निघालं नव्हतं. घरात 'ऐकलं का', बाहेर 'ते'. रेशनच्या दुकानात कारकुनानं नाव विचारलं तर ती जिजाबाईला कोपरानं ढोसायची, आणि नाव जिजाबाई सांगायची. त्या दिवशी तिच्या अंगात काय संचारलं कोणास ठाऊक. तिनं रस्त्याकडं बोट केलं आणि त्या अनोळखी माणसाला ठणकावून सांगितलं,

"थो पुढं चालला ना, लाल बनियनवाला? कवडू! माहा नवरा हाय थो!"

जिजाबाईनं तोंडावर हात मारला. "अवं माय! नाव घेतलं वं हिनं! भर रस्त्यावर!"

दोघी हसत सुटल्या. गोपिका लाजून लाल झाली. स्कूटरवालाही हसला, म्हणे, "वा, छान." आणि निघून गेला.

कवडूनं दोघांनाही सीताबर्डीच्या अलीकडे गाठलं. फीत त्याच्याच छातीनं तुटली, बँड वाजला, मारोतरावानं त्याला उचलून घेतलं. मग तुम्ही टेबलामागून बोट हलवून त्याला बोलावलंत.

"तुला बाद केलंय. बाहेरची मदत घेतलीस. नियमात बसत नाही."

कवडूला आधी समजलंच नाही. "कोनती मदत, साहेब?"

"हुडकेश्वरला पाणी प्यालास."

"मंग तुमचं पानी कुठं होतं?"

"तो वेगळा विषय आहे."

"सगळेच पेले ना, साहेब. इचारा त्यायले."

दुसरा आलेला उंच पोरगा बाजूलाच उभा होता. पोरगा खरा. त्यानं सांगितलं, "हो सर, मीही तिथंच प्यालो. त्याच बाईकडून."

तुम्ही त्याच्याकडं पाहिलंत, जरा समजुतीनं. "तुझी गोष्ट निराळी. तुला अनोळखी बाईनं पाणी दिलं. कोण जिंकतं याच्याशी तिला काय देणंघेणं? याला याच्या बायकोनं पाजलंय. ती घरची मदत झाली. बाईनं स्वतः कबूल केलंय."

कबूल! गोपिकानं कबूल केलं नव्हतं, साहेब. गोपिकानं मिरवलं होतं. जन्मात एकदा.

"म्हंजे बायको नसती तं चाललं असतं," मारोतराव म्हणाला. "थांबा मंग, सोडचिठ्ठी घेऊन येतो. पाहुण्यायले तवरक अजून एक चहा पाजा."

लोक हसले, तुम्ही नाही. पाहुण्यांना जेवायला उशीर होत होता. पोरगा खाली मान घालून कप घ्यायला गेला.

घरी काही सांगायचं नाही असं कवडूनं ठरवलं होतं. सायकलवरून येताना त्यानं मारोतरावाला शपथही घातली. पण दारात जिजाबाई उभी होती, गोपिका उभी होती, तिच्या हातात कुंकवाचं ताट होतं. मारोतरावाच्यानं राहवलं नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं, तुमची नक्कल करत, शिव्या घालत. गोपिकानं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे मी नाव घेतलं म्हनून?"

"नाई वं. त्यायले दुसऱ्याले न्यायचं होतं. काई ना काई काढलंच असतं."

"मी गप राह्यली असती तं तुमी पुण्याले गेले असते."

खोटं बोलायला कवडूला अर्धा क्षण उशीर झाला. तेवढा तिला पुरला. तिनं ताट आत नेऊन ठेवलं.

पुढच्या माघात ती दोघं कवडूच्या नरखेडकडच्या गावच्या यात्रेला गेली. तिथं टेकडीची धाव असते. देवळाला वळसा घालून, संत्र्याच्या बागांमधून खाली यायचं, अनवाणी. बक्षीस एक नारळ आणि फेटा. ना झेंडी, ना पाहुणा. पण एक रीत आहे. वाटेवर घराघरातल्या बाया पाणी घेऊन उभ्या असतात आणि पळणाऱ्यानं आपल्या घरच्या बाईच्या हातचं पाणी पिऊनच पुढं जायचं. जो थांबत नाही, तो पहिला आला तरी त्याला फेटा बांधत नाहीत.

कवडू सगळ्यांच्या पुढं होता. बागेच्या बांधावर बायांच्या रांगेत गोपिका दिसली. तो थांबला, वाकला आणि त्यानं ओंजळ पुढं केली. गोपिकानं गडवा उचलला. मग तिनं एकदा वाटेच्या वरच्या अंगाला पाहिलं, एकदा खालच्या अंगाला. बाजूच्या बाया हसू लागल्या. "वत ना वं! लाजून काहून राहिली?"

ती लाजत नव्हती. तिनं गडवा पदराआड घेतला.

"कोनी पाहून राहिलं तं?" ती हळूच म्हणाली.

"पाहू दे."

तिनं ओतलं नाही. मागचे पळणारे आले, आपापल्या घरचं पाणी प्याले, पुढं गेले. कवडू ओंजळ धरून तसाच वाकून उभा राहिला. शेवटचा माणूस निघून गेला तेव्हाही त्याची ओंजळ कोरडीच होती.

फेटा गेला त्याचं त्याला काही नाही. पुण्याचंही आता नाही. पण साहेब, एक काम करा. हुडकेश्वरला या. विहिरीला लागून घर आहे, कोणीही दाखवेल. तुमचे नियम घेऊन या, हवं तर पाहुण्यांनाही आणा. तिच्यासमोर उभे राहा आणि तिला सांगा, तिचं काय चुकलं?

सांगा ना, साहेब. काय चुकलं?