हुरड्याचा जाळ आणि अकोल्याचा अणू

“सांगतो, पन तुमचा कोनाचाच इस्वास बसनार नाई,” हुरड्याची मूठ तोंडात टाकत नत्थुजी म्हणाले.

दर्यापूरजवळच्या त्या वावरात हुरड्याला एकच कायदा होता. गोष्ट टिकते तोवर सांगणाऱ्याने बसून खायचं. कोणी खोटं पकडलं, की उठायचं आणि आगटीच्या धुरात बसून सगळ्यांची कणसं भाजायची. नत्थुजी अकरा हिवाळे बसून खात आले होते. धूर त्यांच्या डोळ्यांना मुळीच मानवत नसे. सकाळीच पकडला गेलेला सूर्यभान आगटीशी डोळे पुसत टपून होता.

“आमची दामिनी अकोल्याले लेसरवर काम करते. एकच अणू धरून ठेवते, एकच! चिमट्यानं नाई, उजेडानं.”

“उजेडानं मुंगी तं धरून दाखवा, काकाजी!” सूर्यभान म्हणाला.

सगळ्यांनी दही वाढणाऱ्या नातीकडे पाहिलं.

“धरतो आमी,” दामिनी म्हणाली.

नत्थुजी सरसावून बसले. “त्या अणूले लेसरच्या झटक्यानं एक पायरी वर चढवायचं असते. पन या पोट्ट्यायचा झटका दनकन सुरू, दनकन बंद. अणू जाय भलत्याच पायरीवर. मी म्हनलं, बाई, हुरडा कसा भाजतो आपन? जाळ हळूहळू चढवतो, हळूहळू उतरवतो. तसाच घाट दे उजेडाले. तिनं देल्ला, अन् अणू बराबर पायरीवर!”

“झूट हाय!” सूर्यभान उठलाच. “दामिनी, तूच सांग.”

दामिनीची पळी थांबली. नत्थुजी कणसातले दाणे मोजू लागले.

“खरं हाय,” ती म्हणाली. “झटक्याचा आकार तसाच ठेवा लागते. अन् हुरड्याचं आबाजीच म्हनले होते.”

सूर्यभान पुन्हा आगटीशी बसून कणसं फिरवू लागला.

नत्थुजींनी इथेच थांबायला हवं होतं. पण निव्वळ खऱ्यावर जिंकणं त्यांना अळणी लागलं. त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं.

“मंग तोच अणू या चुन्याच्या डबीत घेतला, मूर्तिजापूरले शकुंतला रेल्वेत बसलो, अन् खिडकीतून हवा खात घरी आलो. परवाचीच गोष्ट.”

पलीकडे बसलेली माणिकबाई इतका वेळ कणीस चोळत होती.

“अणूचं मले समजत नाई, भाऊजी. असन बी डबीत. पन शकुंतला बंद पडून सालं लोटली. तिच्या रुळात माही बकरी चरून राहिली. उठा, अन् भाजा आता!”