नऊ फुटांची गल्ली

"पोच दे," सहदेव सातव तिसऱ्यांदा म्हणाला.

आवक-जावकच्या टेबलामागे बसलेल्या तुळशीरामने त्याचा अर्ज पालथा घातला आणि त्यावर पाण्याची बाटली ठेवली. "सहदेवभाऊ, घेतला ना अर्ज. पोच कायले पाह्यजे? आपण काय परके हाओत?"

"परके नाई म्हणूनच मागून राह्यलो. एकतीस वर्सं याच नगरपरिषदेत काढले मी. बिगर पोचीचा अर्ज कोठी जाते, मले माईत हाये."

"शिक्का सायबाच्या कॅबिनमधी हाये."

"तुह्या कोपराखाली हाये."

मागे रांगेतला कोणीतरी फिस्सकन हसला. तुळशीरामने कोपर उचलला, शिक्का इतक्या जोरात मारला की टेबल हललं, आणि कागद सहदेवकडे न बघता पुढे सरकवला. दोघांनी वीस वर्षं एकाच डब्यात खाल्लेलं होतं.

सहदेव व्हॉल्व्हमन होता. कोणत्या भागाला कधी पाणी सोडायचं, हे गावात तोच जाणायचा. पाण्याची कोणती लाइन कुठून वळली, कुठे लोखंडी पाइप संपून प्लॅस्टिकचा सुरू होतो, हे नकाशापेक्षा त्याच्या पायांना जास्त ठाऊक होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. घर माळीपुऱ्यात, ऐन कोपऱ्यावर. दार मोठ्या रस्त्यावर उघडणारं. घराच्या भिंतीला लागून नऊ फुटांची गल्ली आणि गल्लीच्या पलीकडे कापसाचं जुनं गोदाम. ते गोदाम गावात वजन असलेल्या हिंमतरावांनी घेतलं, पाडलं आणि तीन मजली कॉम्प्लेक्स बांधायला काढलं. तिथवर कोणाची ना नव्हती. पण कॉलमचे खड्डे खणले ते चार फूट गल्लीत. गल्लीच्या आत सहा घरं. त्यांना दुसरी वाट नाही. उरलेल्या पाच फुटांतून अँब्युलन्स सोडा, तिरडीसुद्धा तिरपी करून काढावी लागली असती. आणि पाण्याचा मुख्य पाइप नेमका त्या खड्ड्यांच्या खालून गेलेला.

सहदेवने हरकतीचा अर्ज लिहिला तेव्हा त्याला वाटलं होतं, सहाही घरं सह्या करतील. सह्या झाल्या, पण दुसऱ्याच कागदावर. आमची काही हरकत नाही, असं सगळ्यांनी हिंमतरावांना लिहून दिलं. पहिली सही कडूबाची. त्याचं घर गल्लीत सगळ्यात शेवटी.

"काऊन सही केली बे?" सहदेवने त्याला चौकात गाठलं.

"माह्या पोराले खाली गाळा देऊन राह्यले हिंमतराव. तुले काय तरास? तुह्यं दार तर रोडवर हाये. तुह्या घरातलं ऊन जाते म्हणून पोटात दुखते तुह्या. आमच्या नावावर कायले अर्ज करतं?"

हे अगदीच खोटं नव्हतं. पूर्वेच्या खिडकीतून येणारं ऊन जाणार, हे सहदेवच्या मनात आलं होतं. अर्जात त्याने ते लिहिलं नव्हतं, इतकंच. त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका सहदेवच्या बायकोला, पुष्पाबाईला, बघितलं की बोलणं थांबवू लागल्या. एका सकाळी दारात खरकटं टाकलेलं सापडलं. पुष्पाबाईने ते उचललं आणि झाडू नवऱ्याच्या पुढ्यात आपटला.

अर्ज दिल्यापासून आठव्या दिवशी नगरपरिषदेची नोटीस आली. हिंमतरावांना नव्हे, सहदेवला. त्याची न्हाणी दोन फूट गल्लीत होती.

खरीच होती. अकरा वर्षांपूर्वी पुष्पाबाईचे गुडघे गेले तेव्हा त्याने ती स्वतः बांधली होती. आत बसायला कट्टा, उठताना धरायला भिंतीत लोखंडी कडी. तेव्हा कोणी मोजलं नव्हतं, आणि त्यानेही मोजलं नव्हतं.

सुनावणीला हिंमतराव मुख्याधिकाऱ्यांच्या समोरच्या खुर्चीत आधीच बसले होते. सहदेव उभा राहिला. या खोलीत तो कधी बसलाच नव्हता.

"ज्याची सोताची न्हाणी गल्लीत घुसली, तो मले गल्ली शिकवून राह्यला!" हिंमतराव हसत म्हणाले. "सायेब, गल्लीतल्या साऱ्या लोकाइचं लेखी देलं मी तुमाले."

मुख्याधिकारी तरुण होते, बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांनी दोन्ही फायली एकमेकींवर ठेवल्या. "हे बघा काका, मोजणी लावली तर तुमचंही बांधकाम जाणार. हरकत मागे घ्या. मग त्या नोटिशीचा मीही आग्रह धरणार नाही. शेजारी आहात, मिटवा."

"न्हाणी पाडली, तं माह्यी हरकत उभी राहते ना?"

"म्हणजे?"

"मी न्हाणी पाडतो. मंग मोजणी लावा. मी अर्ज मांगं घेत नाई, हे लेहून घ्या. आन् त्याची पोच द्या."

हिंमतरावांचं हसू थोडं उशिरा थांबलं. "म्हातारं पागल झालं," ते म्हणाले, पण मुख्याधिकाऱ्यांकडे बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेवने घण आणला. पहिल्या घावाला पुष्पाबाई बाहेर आली.

"मले इचारलं तुमी?"

तो थांबला नाही.

"थ्या सहा घरातलं एक तरी मानूस बोललं तुमच्या बाजूनं?"

"नाई."

"मंग कोनासाठी पाडून राह्यले? दारात खरकटं टाकते थे लोक!"

सहदेवने घण टेकवला. त्याला धाप लागली होती. "गल्ली नऊ फूट हाये, पुष्पा. पाइप टाकला तवा मी खाली उतरून मोजली होती. थे कोनाच्या बोलण्यानं पाच होत नाई. आन् माह्या न्हाणीनं सातही होत नाई."

"माह्ये गुडघे?"

सहदेवने घण पुन्हा उचलला. कडी भिंतीतून निघेना, तेव्हा त्याने भोवतालच्या विटा हातांनी सोडवल्या. गल्लीतली माणसं दारात उभी राहून बघत होती. कडूबाच्या पोराने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि खाली हसण्याची चित्रं टाकून तो गावभर फिरवला. पुष्पाबाई त्यानंतर पंधरा दिवस नवऱ्याशी बोलली नाही. ताट वाढून ठेवायची आणि पाठ फिरवायची.

पण तो व्हिडिओ मुख्याधिकाऱ्यांनीही बघितला. मोजणी टाळायला आता कारण उरलं नव्हतं. अभियंता आला, फीत धरली गेली. सहदेवच्या भिंतीपासून जुन्या गोदामाच्या पायापर्यंत नऊ फूट एक इंच. काम दीड महिना थांबलं. हिंमतरावांनी खूप फोन फिरवले, शेवटी खड्डे बुजवले आणि कॉलम चार फूट आत घेतले.

इमारत व्हायची ती झालीच. तीनही मजले चढले आणि पूर्वेच्या खिडकीपाशीही दिवसा दिवा लावावा लागू लागला. चार फूट गेल्यामुळे गाळे कमी पडले. कडूबाच्या पोराला गाळा मिळाला नाही. "सहदेवनं पोराच्या पोटावर पाय देला," असं कडूबा चहाच्या टपरीवर सांगतो आणि ऐकणारे मान हलवतात. सहदेव समोरून दिसला की तुळशीराम रस्ता बदलतो. मोकळ्या राहिलेल्या गल्लीत सहाही घरांच्या मोटारसायकली ओळीने लागतात. सहदेवच्या भिंतीला हँडल घासून रंग गेला आहे.

पुष्पाबाई आता चुलीशेजारच्या कोपऱ्यात, पाटावर बसून आंघोळ करते. घर एकाच खोलीचं आणि मागे दार नाही, म्हणून तेवढा वेळ सहदेव बाहेर पायरीवर बसतो, दाराकडे पाठ करून. एका सकाळी कडूबा गल्लीतून गाडी काढत होता. त्याने हॉर्न वाजवला, पायरीकडे न बघता वळण घेतलं आणि निघून गेला. सहदेवने पाय आखडून घेतले. आतून पाण्याचा आवाज थांबला. तिला उठायला वेळ लागतो, हे त्याला ठाऊक होतं. आत जाऊन हात द्यावा, असं वाटूनही तो उठला नाही. तिने तेवढी परवानगी अजून दिली नव्हती.

"झालं," आतून आवाज आला. आणि थोड्या वेळाने, "या. हात द्या जरा."

तो पायरीवरून उठला.